खरपूस बटाट्यांचा सोमवार

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? तर एकदा बायको म्हणाली, "अहो, मी विहिरीवर जाऊन येते, तेवढं दुधावर लक्ष ठेवा." केरबाने ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली, याने पापणीसुद्धा हलवली नाही. बायको परत आली, तर हा म्हणतो कसा, "सगळं पाहिलं मी. एक थेंब नजरेतून सुटला नाही."

बायकोचं नाव हौसा. तिने पिशवी भरली आणि माहेर गाठलं.

पंधरा दिवस झाले. केरबाला घर खायला उठलं. भाकरी गोड लागेना, कुणाशी बोलावंसं वाटेना. आणि मग सासऱ्यांचा निरोप आला. "सोमवारी हौसाला घेऊन येतोय. माझा उपास असतो, तेव्हा बटाटे करा. खरपूस करा. एवढं जमलं तर पोरगी ठेवून जाईन. नाही जमलं तर आल्या पावली परत नेईन."

केरबाचं धाबंच दणाणलं. तो धावला शेजारच्या शेवंताकाकीकडे.

"त्यात काय एवढं?" काकी म्हणाली. "बटाटे उकड, फोडी कर आणि तुपात परत."

केरबाने बटाटे उकडले, पातेल्यातच फोडी केल्या आणि पाण्यासकट तव्यावर ओतल्या. अर्धं पाणी चुलीत गेलं, अर्ध्याचं सार झालं.

"अरे शहाण्या, आधी चाळणीत ओतायचं," काकी म्हणाली. "पाणी सगळं निथळू द्यायचं."

"बरं काकी. आता ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी गवळी दूध घेऊन आला. केरबाने चाळणी पुढे धरली. शेजारच्या मांजराचा तो दिवस फार चांगला गेला.

"काकी, निथळलं अगदी छान. पण चाळणीत काहीच उरलं नाही हो!"

"दूध कुणी चाळणीत घेतं का? दूध भांड्यात घ्यायचं आणि वर घट्ट झाकण ठेवायचं."

"बरं काकी. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने फोडी तव्यावर घातल्या, वर घट्ट झाकण ठेवलं आणि झाकणावर पाटा ठेवला. चांगल्या तासाभराने पाटा उचलला, तर आत नुसता लगदा. काकीने बोट घालून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बटाटे झाकायचे नसतात रे बाबा! वाफ कोंडते. उघडं ठेवायचं, मोकळा वारा लागू द्यायचा."

हे मात्र केरबाला मनापासून पटलं. घरी आला, तर समोर कोंबड्यांचं खुराडं. बिचाऱ्या आत कोंडलेल्या! त्याने दार उघडलं आणि मोकळा वारा लागू दिला. त्या दिवशी अख्ख्या गावाने केरबाच्या कोंबड्या पकडल्या.

"कोंबड्या आत कोंबायच्या!" काकी धापा टाकत ओरडली. "एकमेकींना चिकटवून! म्हणजे गप बसतात!"

आता पुढे काय झालं असेल ते तुम्हीच सांगा. हो, बरोबर. त्याने तव्यावर फोडी कोंबल्या, दाबून दाबून, एकीवर एक. त्या गप बसल्या. खालच्या जळाल्या, वरच्या तशाच राहिल्या. आणि सोमवार तर उजाडला होता.

केरबा काकीच्या दारात येऊन रडायलाच लागला. "काकी, ती परत जाईल हो. मला तिच्याशिवाय करमत नाही."

काकीलाही भरून आलं. तिने पदराने डोळे पुसले आणि त्याला समोर बसवलं. "आता शेवटचं सांगते, नीट ऐक. गर्दी करायची नाही. एकेकाला लांब लांब ठेवायचं. मग हात लावायचा नाही, ढवळायचं नाही. चांगला लाल रंग आला की दुसऱ्या बाजूला फिरवायचं. आणि मीठ अगदी शेवटी, वरून भुरभुरायचं. उपासाचं सैंधव घे हो, साधं नको."

केरबाने घरी जाऊन अगदी तस्संच केलं. आणि काय सांगू, बटाटे झाले! बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

तेवढ्यात सासरे आणि हौसा दारात हजर. केरबाने सासऱ्यांना ओसरीच्या या टोकाला पाटावर बसवलं आणि हौसाला पार त्या टोकाला. मग दाराआड उभा राहिला.

"काय जावईबापू, बरे आहात ना?" सासऱ्यांनी विचारलं.

केरबा गप्प.

"पाणी तरी द्याल का?"

केरबाने नुसती मान वाकवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अजून रंग नव्हता.

"अहो, उन्हातून आलोय मी! ही काय रीत झाली?" सासरे कडाडले. तोंड लालबुंद झालं.

केरबाचा जीव भांड्यात पडला. तो पुढे झाला, पाट धरला आणि सासऱ्यांना गर्रकन भिंतीकडे फिरवलं.

"हौसा! पिशवी उचल!" सासरे भिंतीला म्हणाले.

हौसा पदर तोंडात कोंबून हसत होती. पंधरा दिवसांत ती अशी हसली नव्हती. ती उठली, आतून ताटली आणली. "दादा, एक फोड तर खा. मग निघू."

सासऱ्यांनी खाल्ली. कुर्रर्र! दुसरी खाल्ली. ताटली संपली, मग तवा संपला. सासऱ्यांनी ढेकर दिला आणि टोपी हातात घेऊन उठले. "जावईबापू, तुमच्या डोक्याचं काही सांगता येत नाही, पण हाताला चव आहे. ठेवून जातो पोरगी."

हौसाने पिशवी केव्हाच खुंटीला अडकवली होती.

"बरंय तर, येतो मी," सासरे म्हणाले आणि उंबऱ्याशी थांबले.

केरबाच्या लक्षात आलं, हाच तो शेवट. तो धावत आत गेला, मूठ भरून आणली आणि सासऱ्यांच्या टकलावर सावकाश, सगळीकडे सारखं भुरभुरलं.

"अरे, अरे! हे काय?"

"घाबरू नका, मामा," केरबा हात झटकत म्हणाला. "उपासाचंच आहे."