पुतळामायचे निजलेले मुळे

नदीला बारा महिने पाणी असायचं ना, त्या काळची ही गोष्ट. काठावरच्या मळ्यात पुतळामाय एकटी राहायची. थंडीत मुळे लावायची. उपटले की पाला कापायची, बोटभर देठ ठेवायची, आणि अंगच्या मातीसकट एकेक मुळा ओल्या वाळूच्या खड्ड्यात आडवा निजवायची. वर वाळू लोटताना अंगाई म्हणायची. हसू नका रे! तिला मूलबाळ नव्हतं.

गाव मात्र हसायचं. सगळ्यांत जास्त शेजारची अनसाबाई. "वांझेला मुळ्यांसाठी पान्हा फुटलाय!" असं ती पाणवठ्यावर सगळ्यांदेखत बोलली. स्वतःचे मुळे तिने लख्ख धुऊन, पाल्यासकट पुरले. होळीच्या आत सगळे कुजून गेले.

चैत्रात अनसाबाईच्या सुनेला, राहीला, दिवस गेले. पोटात पाण्याचा घोट ठरेना. पोर नुसती वाळत चालली. काय हवं विचारलं की एकच म्हणायची, "मुळा द्या मला." आता चैत्रात मुळा आणायचा कुठून? शेवटी अनसाबाई मान खाली घालून मळ्यात आली.

पुतळामायच्या खड्ड्यात एकच मुळा उरला होता, तोही बियाण्याचा. तो गेला की तिचं वाणच संपणार. तिने वाळू सारली, मुळ्यावरून हात फिरवला. "ऊठ बाळा," म्हणाली, "तुझ्या बहिणीला भूक लागलीय."

अनसाबाईला रडू फुटलं. "माय, मी तुला नाही नाही ते बोलले गं..."

"ते राहू दे. पोर उपाशी आहे, पळ आधी."

राहीने मुळा खाल्ला आणि तो पोटात ठरला. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या खड्ड्यात तसाच मुळा निजलेला होता, बोटभर देठाचा. तिसऱ्या दिवशीही. राहीची ओकारी थांबेपर्यंत खड्डा रिता झाला नाही, असं म्हणतात. शेवटचा मुळा तिने खाल्ला नाही, मळ्यात नेऊन लावला. त्याला शेंगा धरल्या. आपण खातो ते त्याच वाणाचे.

राहीला मुलगी झाली. अनसाबाईने तिला उचलून पुतळामायच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "म्हण की गं ती अंगाई."

पुतळामाय जाऊनही किती पिढ्या झाल्या. पण आपल्याकडे अजून मुळे वाळूत घालताना अंगाई म्हणतात, आणि बियाण्याला राखलेला एक मुळा कुणी खात नाही. घरात सुनेला दिवस गेले की सासूने स्वतःच्या हाताने वाळू सारायची आणि म्हणायचं, "ऊठ बाळा, तुझ्या बहिणीला भूक लागलीय."