शांतवनची पायरी

"पोरगी गुणाची आहे गं. पण आई जाऊन वर्ष झालं, डोळ्याला पाणी म्हणून नाही. आणि प्रार्थनेत बघ तिच्याकडं, डोळे टक्क उघडे."

माझ्या सासूबाई चुलत सासूबाईंना हे सांगत होत्या. मी न्हाणीत आहे असं त्यांना वाटलं होतं. मी दाराआड ताटं पुसत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना माझे उघडे असतात हे त्यांना कसं दिसलं, ते मी विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात. मीठ कुठं आहे, वगैरे.

तो दुःखसहनाचा आठवडा होता, ईस्टरच्या आधीचा. देवळाचा ओटा धुताना माझ्या सासरच्या, मुरुमवाडीच्या बायकांनी मला शांतवनची गोष्ट सांगितली, तुकड्यातुकड्यांनी, एकमेकींचं खोडून काढत. मी ती सलग सांगते.

फार वर्षांपूर्वी, मुरुमवाडीची मंडळी अजून लिंबाखाली उपासनेला बसायची तेव्हा, शांतवन नावाचा माणूस गावाच्या कबरी खणायचा. इथं वरून मुरूम आणि खाली काळा पाषाण. पहार मारली की ठिणगी उडायची. कुणाच्या घरी दुखणं वाढलं की लोक त्याच्या वाटेनं जाणं टाळायचे. लग्नात त्याला बोलवायचे, पण पंगतीच्या टोकाला बसवायचे. त्याच्या शेजारी फक्त त्याची बायको सगुणा बसायची. ती इतकी ठेंगणी की कोनाड्यातला दिवा लावायला तिला पायाखाली पाट लागायचा. तो पाट शांतवन सरकवून द्यायचा.

मग गावात मरीची साथ आली आणि सगुणा गेली. तिची कबर शांतवननं रागानं खणली. असं म्हणतात, तेवढी खोल कबर गावात पुन्हा झाली नाही, आणि भिंती अशा सरळ की सरड्यालासुद्धा चढता आलं नसतं.

पुढच्या ईस्टरला पहाटे गाव गात गात दफनभूमीत गेलं. पाळकबुवा म्हणाले, "प्रभू उठला आहे." गाव म्हणालं, "खरोखर उठला आहे." शांतवन कुंपणाबाहेर उभा होता. ते शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. पण घरी जाताना एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली ती कायमची. हे लोक म्हणतात ते खरं निघालं, मेलेले सगळे एक दिवस उठले, तर एवढ्या खोलातून ती चढणार कशी? पाट कोण देणार?

तेव्हापासून प्रत्येक नव्या कबरीत तो पायथ्याशी एक पायरी कोरून ठेवू लागला. पाळकबुवांना ते आवडलं नाही.

"उठवणारा प्रभू आहे, शांतवन. त्याला तुझी पायरी लागते का?"

"त्याला नाही लागत."

"मग तुझा विश्वास तरी आहे का?"

"नाही बुवा. पण खरं निघालं तर? खणलंय मी."

बुवांनी त्याला उपदेश केला. तो लांबला, आणि तोवर पायरी कोरून झाली.

राहिली सगुणाची कबर. पुरलेलं माणूस उकरायचं नाही, एवढं शांतवनही मानायचा. म्हणून त्यानं तिला लागून स्वतःची कबर खणायला घेतली. जिवंत माणूस आपली कबर खणतो म्हटल्यावर होते नव्हते तेही लांब झाले. येणारेजाणारे वरून विचारायचे, "काय शांतवन, कधी राहायला जाताय?"

"मला घाई नाही," तो आतून म्हणायचा. "तिला वाट हवी."

त्याला प्रार्थना येत नव्हती. तो घाव घालताना तिचं नाव घ्यायचा. असं म्हणतात, नाव घेऊन मारलेल्या घावानं पाषाण भाकरीसारखा तुटायचा, आणि विसरून मारलेल्या घावानं नुसती ठिणगी उडायची. वर्षं गेली. त्यानं खालपासून वरपर्यंत पायऱ्या काढल्या, तिच्या पायाला झेपतील अशा बुटक्या. तिच्या कबरीत आणि त्याच्या कबरीत कुडाएवढी पातळ भिंत ठेवली. काम संपलं तरी तो रोज उतरायचा आणि त्या भिंतीला पाठ टेकून बसायचा. त्याला हाक मारायला कुणी जात नसे.

एका ईस्टरच्या पहाटे गाव गात आलं, तर तो खालच्या पायरीवर तसाच बसलेला, जीव गेलेला. भिंतीला माणूस वाकून येईल एवढं भगदाड पडलेलं. आणि पायऱ्यांवरच्या धुळीत लहानशा पावलांचे ठसे, वर आलेले, फाटकापर्यंत गेलेले. काहीजण म्हणतात, शेळी शोधायला उतरलेल्या पोरीचे असतील. मग तिचे उतरतानाचे ठसे कुठं गेले, ते ही मंडळी सांगत नाहीत. भगदाडात वाकून बघायची कुणाची छाती झाली नाही. पाळकबुवांनी चपला काढून ठेवल्या, एवढंच. शांतवनला तिथंच माती दिली.

आजही मुरुमवाडीत पायरी कोरल्याशिवाय कबर पुरी होत नाही. आणि ईस्टरच्या पहाटे कुंपणाबाहेरची एक जागा मोकळी ठेवतात. तिला शांतवनची जागा म्हणतात. ज्याला "खरोखर उठला आहे" म्हणता येत नाही त्यानं तिथं उभं राहावं, आणि त्याला कुणी काही विचारू नये.

या ईस्टरच्या पहाटे मी त्या जागेवर जाऊन उभी राहिले. ही रीत सासूबाईंना ठाऊक होती, पण मी पडले त्यांची सून. आतलं गाणं संपल्यावर त्या मेणबत्ती हातात धरून फाटकाशी आल्या. मागे चुलत सासूबाई होत्याच.

"अगं, इथं काय उभी राहिलीस? लोक बघतायत. चल आत."

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, माझी आई शहरातल्या दफनभूमीत आहे. तिथं पायरी काढत नाहीत. ती कशी चढेल तेवढं सांगा, मग मी आत येते."