चार नंबरचं घड्याळ

"मग सर, देताय ना दोन शब्द लिहून?"

वळसंगकर सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"कशाबद्दल?"

"अभ्यासक्रमाबद्दल. वीस वर्षं झाली सर. स्मरणिका काढतोय. उद्या छापायला जाणार."

बोलत होते ते डॉ. माणिक लोंढे. विद्यापीठात शाळेच्या शिक्षकांसाठी विज्ञानाची एम.एस्सी. चालते, तिचे प्रमुख. शाळेत शिकवणारे मास्तर आणि बाई मे महिन्याच्या न्‌ दिवाळीच्या सुट्टीत येतात आणि पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसतात, असा तो अभ्यासक्रम. वळसंगकर सरांनी तो सुरू केला होता. लोंढे पहिल्या तुकडीतले. करमाळ्याकडच्या शाळेतून आले, पहिले आले आणि विद्यापीठातच राहिले. ही हकीकत ते नव्या माणसाला पहिला चहा संपायच्या आत सांगत.

सर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. सोलापुरातल्या जुन्या घराच्या ओसरीवर ते बसून असायचे. फारसं कुणी येत नसे.

"काय लिहू?" सरांनी विचारलं.

"यशस्वी झाला, असं. निकाल शंभर टक्के आहे यंदा."

"शंभर टक्के..." सर म्हणाले. "म्हणजे कुणाला काहीच अडलं नाही."

लोंढ्यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी पिशवीतून एक काचेची पेटी काढली आणि सरांच्या पुढ्यात ठेवली. आत मखमलीवर एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच होतं. पाठीवर पांढऱ्या रंगात चारचा आकडा.

"प्रयोगशाळेत आता सगळं डिजिटल आलं. जुनं सामान भंगारात निघालं. म्हटलं, सरांच्या वेळची एक तरी वस्तू सरांना द्यावी."

सरांचा हात पेटीवर गेला आणि तिथंच राहिला.

"हेच का आणलंस?"

"हे एकच चालू होतं सर."

सर त्या घड्याळाकडे बराच वेळ बघत होते. लोंढ्यांना वाटलं, म्हातारा माणूस, आठवणींनी गहिवरला असेल. त्यांनाही जरा भरून आलं.

"हे घड्याळ शेवटी कुणी वापरलं?"

"गेल्या वर्षीपर्यंत सगळेच वापरत होते की. चार नंबरच्या टेबलावर लंबकाचा प्रयोग." लोंढे एकदम सावरून बसले. "बरी आठवण केलीत. त्याच टेबलाची एक गोष्ट दाखवायचीय. स्मरणिकेचं मधलं पान आहे ते."

त्यांनी दोन प्रयोगवह्या काढल्या. दोन्हींवर एकच नाव होतं. शकुंतला बिराजदार. अक्कलकोटकडच्या एका हायस्कूलवर शिकवणारी बाई.

"दोन वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकात नापास झाली होती. पन्नासात अकरा. मीच तपासलं होतं. हे बघा."

सरांनी पहिली वही उघडली.

लंबकाचा प्रयोग दहावीतल्या पोरालाही ठाऊक असतो. मीटरभर दोऱ्याला वजन टांगायचं, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते लिहायचं. त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा निघतो. पुस्तकात तो ९.८ असतो.

बिराजदारबाईंच्या वहीत तो ८.७ होता.

वीस झोक्यांना साडेबेचाळीस सेकंद. पुढं पुन्हा साडेबेचाळीस. मग बेचाळीस पूर्णांक सहा. मग परत साडेबेचाळीस. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चार वेळा केले. दोरा बदलला. उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. कारण कळले नाही.'

त्यावर लाल शाईची मोठी फुली होती.

सरांनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. 

"कारण कळले नाही... लोंढे, असं लिहिलं तिनं?"

"हो ना. एम.एस्सी.च्या वहीत! आता काय बोलणार?"

"कुठं आहे ही बाई?" सर उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत लोंढ्यांनी त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. "मला तिला भेटायचंय. आज. रिक्षा बोलाव."

"अहो सर, बसा. अजून अर्धंच पाहिलंत. दुसरी वही बघा."

सर उभ्याउभ्याच दुसरी वही चाळू लागले.

तेच टेबल. तेच घड्याळ. अक्षर पहिल्यापेक्षा सुबक, रेघा पट्टीनं मारलेल्या, खाडाखोड कुठंच नाही. वीस झोक्यांना चाळीस सेकंद. उत्तर ९.८. खाली हिरव्या शाईत अठ्ठेचाळीस गुण.

कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक ९.८ लिहून पुसलेलं होतं. खोडरबराचा डाग तेवढा राहिला होता.

"एका वर्षात बघा केवढा फरक! मी बसवून शिकवलं तिला. म्हटलं, बाई, आधी उत्तर काय यायला पाहिजे ते डोक्यात ठेवा. नोकरी सांभाळून शिकणारी माणसं ही सर, त्यांना दिशा लागते. पहिल्यांदा लई रडली बिचारी. म्हणत होती, सर, माझं काय चुकलं ते तरी सांगा. मी म्हटलं, उत्तर चुकलं. आणखी काय चुकायचंय?"

सर खाली बसले.

"आता जिल्ह्याची मार्गदर्शक आहे ती. गेल्या महिन्यात दोनशे शिक्षकांचं प्रशिक्षण घेतलं. प्रयोगवही कशी लिहायची यावर."

"दोनशे..."

"दोनशे सर. आणि प्रत्येकाच्या वर्गात पन्नास-साठ पोरं धरा."

आत माठाच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

मग सर म्हणाले, "लोंढे, तुला लंबक येतो का रे अजून?"

लोंढे हसले. "सर, हातचा मळ आहे."

"मग कर."

ओसरीच्या तुळईला झोपाळ्याची कडी होती. झोपाळा कधीच काढून ठेवलेला. सरांनी आतून दोरा आणला, दाराचं पितळी कुलूप आणलं, शिवणाची टेप आणली. कडीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत मीटरभर अंतर त्यांनी स्वतः मोजून घेतलं. गाठ पक्की बसली.

पेटीचे खिळे लोंढ्यांनी खिशातल्या चावीनं उचकटले. सरांनी घड्याळ हातात घेतलं, किल्ली दिली, कानाला लावून पाहिलं आणि लोंढ्यांना दिलं.

कुलूप हलू लागलं. लोंढ्यांनी बटण दाबलं आणि मोजायला सुरुवात केली. विद्यापीठातला प्रमुख माणूस, पण मोजताना ओठ हलत होते. अठरा, एकोणीस, वीस. बटण दाबलं.

त्यांनी तबकडीकडे पाहिलं. क्षणभर कपाळावर आठी पडली, मग गेली.

"चाळीस सर. चाळीस आणि वर एखादा दशांश."

सरांनी हात पुढं केला. लोंढ्यांनी घड्याळ दिलं.

काटा साडेबेचाळीसवर होता.

"हे काय आहे?"

"ते... बटण दाबायला उशीर झाला असेल सर. एखादा झोका जास्त मोजला असेन. उत्तर चाळीसच यायला पाहिजे."

"काटा काय सांगतो?"

लोंढ्यांनी हलत्या कुलपाकडे पाहिलं.

"काटा काय सांगतो, लोंढे?"

"साडेबेचाळीस."

"तिनं काय लिहिलं होतं?"

लोंढ्यांना पहिली वही उघडावी लागली नाही.

सरांनी घड्याळ मांडीवर ठेवलं. ते बोलू लागले तेव्हा स्वतःशीच बोलत असावेत असं वाटत होतं.

"पहिली तुकडी यायच्या आदल्या आठवड्यात मी हे नवी पेठेतल्या घड्याळजीकडे नेलं होतं. म्हटलं, मिनिटाला साडेतीन सेकंद पुढं पळायला पाहिजे. तो म्हणाला, मास्तर, लोकं घड्याळ नीट कराय आणतात, तुम्ही बिघडवाय आणलाय? मी म्हटलं, हो, बिघडव. दरवर्षी नेत होतो, बरोबर तेवढंच बिघडलंय ना हे बघायला."

"म्हणजे..."

"म्हणजे या घड्याळावर प्रामाणिकपणे मोजलं तर उत्तर ९.८ येऊच शकत नाही."

लोंढ्यांनी पहिली वही पुढं ओढली.

"मला एकच माणूस पाहिजे होता. हे जुळत नाही सर, असं म्हणणारा एक मास्तर, नाहीतर एक बाई. मग मी सगळ्या वर्गासमोर घड्याळ उघडणार होतो. तिथून पुढं शिकवणार होतो. मी निवृत्त होईपर्यंत साठेक जण या टेबलावर बसले. दरवर्षी अढीतल्या पहिल्या आंब्याची वाट बघावी तशा मी त्या वह्या उघडायचो."

सरांनी मांडीवरचं घड्याळ पालथं केलं.

"सगळ्यांचं ९.८."

लोंढ्यांना काही तरी विचारायचं होतं. ते विचारू नये असंही वाटत होतं. शेवटी विचारलंच.

"पहिल्या वर्षी... या टेबलावर कोण होतं सर?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर लोंढ्यांना सोसला असता.

"तुझं ९.८१ होतं. दोन दशांशांपर्यंत."

"आणि तुम्ही सही केलीत?"

"केली. तू पहिला आलास."

बाहेरून भांडीवाली ओरडत गेली. कुलूप अजून हलत होतं, झोका लहान होत चालला होता.

"निवृत्त होताना तरी मला सांगायचं होतं! मी लक्ष ठेवलं असतं. ती बाई आली तेव्हा मला कळलं असतं!"

"तेव्हा तुझ्या दारापर्यंत आलो होतो," सर म्हणाले. "तुझ्या बायकोनं चहा दिला. चहा पिऊन परत गेलो."

"का?"

"तू चार नंबरचाच होतास."

लोंढ्यांनी मान खाली घातली. शाळेत असताना ते पोरांना मान खाली घालायला लावत, तशी आपोआप गेली.

"तुला दोष देऊन मी सुटत नाही," सर म्हणाले. "माझं काम शिकवायचं होतं. मी सापळा लावला आणि वाट बघत बसलो. अशानं कुणी शिकतं का? वीस वर्षांत एक बाई आली. तिनं चार वेळा मोजलं, दोरा बदलला, रडली, विचारलं, माझं काय चुकलं. आणि सांगायला तिथं मी नव्हतो. तू होतास."

त्यांनी दुसऱ्या वहीच्या कोपऱ्यातल्या डागावरून बोट फिरवलं. पेन्सिलीचा काळपट रंग बोटाला लागला. ते त्यांनी पुसलं नाही.

"मी जातो तिच्याकडे," लोंढे म्हणाले. "आत्ता जातो. पाया पडतो तिच्या. सांगतो, बाई, तुमचं ८.७ बरोबर होतं."

"सांग."

"ऐकेल ना ती?"

"तिच्याकडे अठ्ठेचाळीस मार्क आहेत, लोंढे. दोनशे माणसं तिला मॅडम म्हणतात. तिनं का ऐकावं?"

लोंढ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचं भान त्यांना राहिलं नाही. पंचेचाळीस मिनिटांपूर्वी काचेची पेटी घेऊन पायऱ्या चढलेला माणूस हाच का, असं कुणालाही वाटलं असतं.

"स्मरणिकेचं मधलं पान काढून टाकतो."

सर काही बोलले नाहीत.

"नाहीतर छापतो. दोन्ही वह्या छापतो आणि खरं काय ते लिहितो."

सर काही बोलले नाहीत.

"सर, तुम्ही सांगाल ते करतो. पण असं गप्प नका बसू."

कुलूप आता जागच्या जागी लोंबत होतं.

लोंढे एकदम उठले. त्यांनी सरांच्या मांडीवरून घड्याळ उचललं, किल्ली दिली. कुलपाला हलकेच झोका दिला. या वेळी त्यांनी डोळे फाडून पाहिलं. प्रत्येक झोका मोठ्यानं मोजला. श्वाससुद्धा जपून घेतला. विसाव्या झोक्याला बटण दाबलं आणि तबकडी डोळ्यांजवळ नेली.

"साडेबेचाळीस!" त्यांचा आवाज फाटला. ते सरांच्या पायांशी बसले आणि दोन्ही हातांनी ते घड्याळ त्यांच्यापुढं धरलं. "साडेबेचाळीस सर. बघा. या वेळी जे दिसलं तेच सांगतोय. देवाशपथ, जे दिसलं तेच."

सरांनी तबकडी पाहिली नाही. लोंढ्यांच्या पिकल्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"हो रे... पण आता तुला उत्तर माहीत आहे."