लांब हातांची देवी

फार फार वर्षांमागं डोंगराच्या पायथ्याशी एक आटपाट गाव होतं. तिथं एक तांबट, त्याची बायको आणि त्याची आंधळी आई अशी तिघं राहायची. भांडी ठोकून एका वेळची चूल कशीबशी पेटायची.

डोंगरावर देवी होती. राजानं दवंडी पिटवली, "ज्यांना डोंगर चढवत नाही, त्यांच्यासाठी देवीचं चित्र छापायचंय. ज्याचं पसंत पडेल, त्याला देवळाचं काम जन्मभर."

तांबटानं तांब्याच्या पत्र्यावर मेण फासलं, सुईनं मेणावर देवी कोरली आणि पत्रा तेजाबात बुडवला. सुई फिरली होती तिथं तेजाबानं तांबं खाल्लं. बायकोनं त्या रेघांत काजळाची शाई भरली, वर ओला कागद दाबला. देवी उमटली!

आई म्हणाली, "तुम्ही बघाल रे. मला डोंगर चढवत नाही नि चित्रही दिसत नाही."

तांबटाच्या जिवाला ते लागलं. दुसरा पत्रा त्यानं तेजाबात दुप्पट वेळ ठेवला. रेघा खोल गेल्या, कागदावर शाई उंच उठली. वाळल्यावर आईनं बोट फिरवलं.

"हा खांदा... हे कोपर... अरे, इतक्यात हात संपला?"

मग तिसऱ्या पत्र्यावर त्यानं देवीचे हात लांबवले. बोटं वेलीच्या ताण्यांसारखी, मान बगळ्यासारखी.

बायको म्हणाली, "अहो, दरबारात हसतील."

"हसू देत."

हसलेच. राजाचा चितारी म्हणाला, "ही देवी की शेवग्याची शेंग?" त्याचं स्वतःचं चित्र मापात बसलेलं, नाजूक रेघांचं. राजा त्याच्याकडेच झुकला.

तेवढ्यात तांबटाची म्हातारी आई काठी टेकत पुढं आली. "महाराज, डोंगर न चढणारी ती मीच की! मला दाखवा."

चिताऱ्याच्या कागदावरून तिचं बोट घसरून गेलं. "हा तर कोराय."

मग लेकाचा कागद. बोट खांद्यावरून निघालं, कोपर ओलांडून मनगटावर आलं, एकेका बोटाच्या टोकापर्यंत पोचलं.

"अगं माय, डोंगरावरनं माझ्यापर्यंत हात पुरवलास!"

राजानं डोळे मिटले आणि स्वतः बोट फिरवून पाहिलं. मग कुणी हसलं नाही.

देवळाचं काम तांबटाला मिळालं. घरात दोन्ही वेळा चूल पेटू लागली. आणि छापलेला प्रत्येक कागद आधी म्हातारीच्या बोटाखालून जाई, मगच घरोघर पोचे.

म्हणून बाळांनो, ज्याच्यासाठी घडवता त्याच्यापर्यंत पोचलं, तरच ते घडलं.