काडेपेटीतले अकरा भुंगेरे

"...म्हणून म्हणतो महाराज, थो पहिल्यांदा कोणाच्या वावरात आला, हे ठरलंच हाये. तुमी फक्त चावी द्या."

उकंडराव ढवळे चपला काढायच्या आधीच बोलायला लागले होते. दोन वर्षं तालुक्याच्या पीकस्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून त्यांचं असंच झालं होतं. पाय मागे राहायचे, तोंड पुढे जायचं.

चिंधुजी महाराज मठाच्या ओट्यावर सूप घेऊन मूग निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बस."

गावातल्या शेतकरी गटाचा ट्रॅक्टर एकच. पाळीवरून इतकी भांडणं झाली, की शेवटी चावी मठातल्या खुंटीला टांगली. महाराजांनी हातात दिल्याशिवाय ती कुणी घ्यायची नाही, असं ठरलं.

आज उकंडरावांना ती चावी दौलत खंडारेच्या शेतासाठी हवी होती. सोयाबीनवर नवाच भुंगेरा आला होता, पाठीवर तांबडा ठिपका असलेला. तो आधी दिसला दौलतच्या शेतात. तेव्हा त्याचं उभं पीक रोटाव्हेटर घालून मोडायचं, यावर उकंडरावांनी घरोघर फिरून सगळ्यांचा होकार मिळवला होता.

दौलत मात्र खालच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसला होता. सकाळपासून तिथंच होता बिचारा.

"शेंगा भरत आल्या, महाराज," तो एवढंच म्हणाला. "घरी अजून सांगतलं नाही म्या."

महाराजांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"उडते का रे थो?"

"नाही." उकंडराव सरसावून बसले. असा प्रश्न म्हणजे त्यांच्यासाठी मेजवानीच. "पंख हायेत, पण नावाले. आठ दिवस अभ्यास केला म्या. नुसता चालते. दिवसभरात एक ओळ बी ओलांडत नाही."

"मंग आठ दिवसांत गावभर कसा झाला?"

"थेच तं! दौलतनं लक्ष दिलं नाही, दुसरं काय?"

दौलतनं टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"दाखव," महाराज म्हणाले.

उकंडरावांनी खिशातून काडेपेटी काढली. वरून दोरा गुंडाळलेला, आणि भुंगेऱ्यांचा जीव गुदमरू नये म्हणून बाभळीच्या काट्यानं भोकं पाडलेली. कामात कसर म्हणून नव्हती.

"दौलतच्या वावरातून अकरा धरले होते."

"पेटी पहिल्यांदा कुठं उघडली?"

"माझ्या बांधावर. मोजायले."

"किती भरले?"

"नऊ." उकंडराव जरा थांबले. "मोजण्यात चूक झाली असंल."

"मंग कुठं नेली?"

"भगवंताच्या वावरात. लोकायले कीड ओळखता आली पाहिजे ना, महाराज. मंग सुभानच्या. मंग नाल्यापलीकडं गोदाबाईच्या. मंग शाळेमागच्या वावरात." एकेक बोट दुमडताना त्यांचा चेहरा फुलला होता. "पदरचं पेट्रोल जाळून फिरलो, पण कोणाले सोडलं नाही."

"बरं. आन् भुंगेरा आता कुठं कुठं झाला?"

"सगळीकडं. माझ्या वावरात झाला, भगवंताच्या झाला, सुभानच्या, नाल्यापलीकडं गोदाबाईच्या, शाळेमा..."

दुमडायला घेतलेलं बोट तसंच राहिलं.



महाराजांनी हात पुढे केला. उकंडरावांनी पेटी दिली. महाराजांनी दोरा सोडला, पेटी उघडली. आत सोयाबीनचं एक पान होतं, चाळणी झालेलं. बाकी काहीच नव्हतं.

मग महाराजांनी उकंडरावांच्या खिशाच्या काठावरून निवांत चाललेला एक भुंगेरा दोन बोटांत धरला. तो पेटीत टाकला, पेटी मिटली आणि दोरा नीट गुंडाळला.

तसेच उठले, खुंटीवरची चावी काढली आणि उकंडरावांच्या हातावर ठेवली.

"पेटी पहिल्यांदा जिथं उघडली, तिथून सुरू कर."

उकंडरावांचं बांधालगतचं सोयाबीन कमरेएवढं होतं. यंदाच्या स्पर्धेसाठी त्यांनी ते पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्यांनी चावीकडं पाहिलं. दौलतकडं पाहवेना, म्हणून पुन्हा चावीकडंच पाहिलं.

शेवटी उठले आणि चावी आपल्या हातानं खुंटीला लावली.

"दौलत," ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "घरी काही सांगू नको बाप्पा."

दौलतनं टोपी डोक्यावर घातली. त्याचे डोळे भरून आले होते.

उकंडराव महाराजांसमोर बसले. या खेपेला त्यांनी आधी चपला काढल्या.

"महाराज, मंग आता म्या काय करू?"

महाराजांनी काडेपेटी त्यांच्या खिशात परत ठेवली आणि सूप पुढं ओढलं.

"जे करत होता, थेच कर. फक्त पेटी उघडू नको."