देशिक कुणाला म्हणावं?

“आणि त्या मागे फिरल्या तर?”

श्रीकंठने सकाळपासून हेच टुमणं लावलं होतं. एरवी चर्चेला बसला की भल्याभल्यांची बोबडी वळवणारा हा पंडित. आज मात्र या एका प्रश्नापुढे त्याची गाडी सरकत नव्हती.

आज तो पहिल्यांदाच कुणाला तरी दीक्षेसाठी गाभाऱ्यात नेणार होता. मठाची रीत अशी, की दीक्षा घेणाऱ्याचे डोळे बांधायचे आणि हाताला धरून अंधाऱ्या मंडपातून आत न्यायचं. नेणारा तो देशिक. वाटेत एक पाऊल जरी मागे पडलं, तरी त्या माणसाला पुन्हा जन्मात दीक्षा नाही.

बाहेर पायरीवर सगुणाबाई डोळे बांधून बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, त्यात गुडघ्यांची कुरकुर. उठायच्या, पुन्हा बसायच्या.

“पायाखालचं काही दिसत नाही हो...” त्यांचा रडवेला आवाज आत आला.

“देशिक म्हणजे काय रे?” मठाचे गुरू अप्पास्वामींनी विचारलं.

श्रीकंठला हायसं वाटलं. हा तर त्याच्या हातचा मळ. “‘दिश्’ म्हणजे दाखवणं, महाराज. अनोळखी मुलुखात वाट दाखवणारा वाटाड्या, तो देशिक. पुढे गूढ विद्या देणाऱ्या गुरूलाही तेच नाव पडलं.”

“दाखवणारा... पण बाईंचे तर डोळे बांधलेत.”



स्वामींनी खांद्यावरचा पंचा काढला आणि श्रीकंठच्याच डोळ्यांवर करकचून बांधला. “जा, घेऊन ये त्यांना.”

“असा? महाराज, मीच पडेन!”

स्वामींनी पंच्याची गाठ आणखी आवळली.

तो चाचपडत निघाला. रोजचा मंडप, पण दार काही सापडेना. अखेर उंबरा सापडला तो अंगठ्याला. बांधलेल्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“आई गं!”

कळ जिरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग हात पुढे केला.

“आजी, हात द्या. इथे दगडी उंबरा आहे, चांगला उंच. पाय उचला... अजून थोडा. मी धरलंय तुम्हाला.”

सगुणाबाईंनी पाऊल उचललं आणि आत टाकलं.

“महाराज,” श्रीकंठ अंधारात म्हणाला, “मग देशिकचा अर्थ मी चुकीचा सांगितला का?”

“अंगठा दुखतोय?”

“फार.”

“गाभाऱ्यालाही उंबरा आहे. बाईंना आधीच सांग.”