मागच्या खोलीतल्या ढलप्या

फार फार मागची गोष्ट आहे, घरांना कुलपं नव्हती तेव्हाची. हसवणारी नाही. हसायचं असेल त्यानं दुसरीकडं जाऊन बसावं. लहान पोरांनी ऐकली तरी चालेल, मोठ्यांनी मात्र ऐकावीच.

एका डोंगराच्या पायथ्याशी सुतारांचं गाव होतं. गावाचं एकच सुतारमेट. मेट म्हणजे लांबलचक शाकारलेली पडवी, तीन बाजूंनी उघडी, चौथ्या बाजूला मातीची एक खोली. सुतार रांगेनं बसायचे, वाऱ्याकडं पाठ करून. रंधा मारला की ढलप्या पुढं पडायच्या आणि बारीक भुसा वाऱ्यावर शेताकडं निघून जायचा. कुणाच्या नाकातोंडात जायचा नाही.

मेटाचा एक दंडक होता. ऊन चिंचेच्या बुंध्याशी उतरलं की मिस्त्री ठोकळ्यावर हातोडा हाणायचा. ठक्! मग हातात राजाचं काम असो नाहीतर भिकाऱ्याची काठी, रंधा खाली. ज्याच्या ढलप्या त्यानं उचलायच्या. त्या कुंभाराच्या भट्टीला जायच्या. खाली बसलेल्या भुशावर आधी पाणी शिंपडायचं, मग झाडायचं, म्हणजे तो उडत नाही. तो जायचा गावाबाहेरच्या खड्ड्यात. आणि लाकडाला तेल पुसलेल्या चिंध्या उन्हात दगडावर एकेक पसरायच्या. कुणी एखादी बोळा करून कोपऱ्यात फेकली तर म्हातारा मिस्त्री हातातली पट्टी पाठीत घालायचा.

तो म्हातारा मेला. मागं दोन मुलगे. थोरला मिस्त्री झाला. हात चांगला, डोकं गरम. धाकटा त्याच्या शेजारी रंध्यावर बसायचा. मुकाट, कामसू. थोरल्याच्या बायकोनं त्याला लहानपणापासून वाढवलेला. तिला मूल नव्हतं, तिचं मूल तोच.

एक दिवस राजाचा कारभारी घोड्यावरून आला. म्हणाला, "राजकन्येचं लग्न ठरलंय. महालाच्या दाराला नवी सागवानी कवाडं पाहिजेत. वरात त्या दारातून आत आली, तर मिस्त्री, तू राजसुतार."

"येईल," थोरला म्हणाला. कधी लग्न आहे तेही विचारलं नाही. असा तो.

कवाडं मोठी, नक्षी बारीक. काम मागं पडायला लागलं. एका कवाडाला जवसाचं तेल लावावं, तर दुसऱ्याचा भुसा वाऱ्यानं येऊन ओल्या तेलावर बसायचा. थोरल्यानं तिन्ही बाजूंना बांबूचे तट्टे बांधले. वारा बंद झाला. भुसा आता बाहेर जाईना, आतच घुमायला लागला. पाणी शिंपडलं तर सागावर डाग पडतात, म्हणून पाणी बंद. कोरडं झाडलं तर धुरळा उडतो, म्हणून झाडणं बंद. ठोकळ्यावरचा ठक्‌ही बंद.

"हात रंध्यावर पाहिजे, खराट्यावर नको," थोरला म्हणाला. "कचरा लोटा मागच्या खोलीत. लग्न झाल्यावर बघू."

लोटला. ढलप्या लोटल्या, भुसा लोटला, तेलाच्या चिंध्या बोळे करून त्यातच लोटल्या. वरून दार ओढून घेतलं.

आता यात न कळण्यासारखं काही नव्हतं. थोरल्याला सगळं ठाऊक होतं. बापाची पट्टी त्यानंही खाल्ली होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि राजसुतार व्हायचं असणं वेगळं.

धाकटा खोकायला लागला. म्हणाला, "दादा, मागं पाय ठेवायला जागा नाही. ढलप्या पोटरीला लागतात."

"मग पुढं ठेव."

सगळे हसले. धाकटाही हसला आणि हसताना पुन्हा खोकला.

वहिनी ताक घेऊन आली, तिनं ते ऐकलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याच्या भुवया बघा, पांढऱ्या झाल्यात. छातीत भुसा किती गेला असेल? एक दिवस तट्टे सोडा. मी झाडते सगळं."

"तू झाडशील आणि तेलावर धुरळा बसेल. मग राजाला काय सांगू, बायकोनं झाडलं म्हणून?"

"सांगा की. लाज वाटते का?"

"घरी जा."

कारभारी पाहणीला आला. जमीन लख्ख दिसली. तो म्हणाला, "वा! ढलपीसुद्धा नाही. सुतारमेट आहे की देवघर?" थोरल्यानं मिशीवरून हात फिरवला. मागच्या खोलीचं दार कारभाऱ्यानं उघडलं नाही, आणि कोण उघडतो!

त्या खोलीत मेटाची मांजर व्यायली होती. एका सकाळी ती पिल्लांना मानेला धरून एकेक बाहेर आणायला लागली. सगळी नेली, लांब चिंचेखाली. एक सुतार म्हणाला, "हिला काय झालं? एवढी मऊ जागा सोडून चालली." थोरला म्हणाला, "हिलाही खोकल्याची कटकट झाली असेल." पुन्हा सगळे हसले.

त्याच दुपारी धाकट्याला उभं राहवेना. म्हणाला, "दादा, घटकाभर पडतो."

"घरी गेलास तर परत येणार नाहीस. पड मागं ढलप्यांवर. फुकटची गादी आहे."

धाकटा आत गेला, दार लोटून घेतलं. आतून त्याचा आवाज आला, "दादा, ढिगाला ऊब आहे. खाली चूल असल्यासारखी."

"वैशाख आहे, दुसरं काय असणार? झोप!"

तो झोपला.

आता नीट ऐका. पुढं जी आग लागली, ती कुणी लावली नाही. त्या मेटात ना चूल होती, ना कुणी चिलीम ओढत होतं. तेलाची चिंधी पसरली तर वाळते. बोळा करून भुशात दडपली तर आतल्या आत तापत राहते, रागावलेल्या माणसासारखी, आणि एक दिवस पेटते. वरच्या माणसाला फक्त ऊब लागते.

वहिनी पाणी घेऊन आली. दिराला हाक मारली, ओ आली नाही. तिनं खोलीचं दार ढकललं. कोंडलेला धूर बाहेर आला, बाहेरचा वारा आत गेला आणि ढीग भडकला. तट्ट्यांवर, वाशांवर बसलेला भुसा हां हां म्हणता पेटला. डोळ्यांदेखत मेटभर ज्वाळा.

"अहो! भावजी आत आहेत!" ती ओरडली. तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

थोरला तेव्हा कवाड ओढत होता. चार माणसं लावून ओढत होता.

"त्याला पाय आहेत!" तो ओरडला. "कवाडाला नाहीत!"

कवाड बाहेर आलं. एकच आलं. दुसऱ्यासाठी तो वळला, तेव्हा त्याला दिसलं की धाकटा अजून बाहेर आला नाही. मग तो धावला. खरंच धावला, खोटं कशाला सांगू. पण तोवर छप्पर खाली बसलं होतं.

धाकटा जळून मेला नव्हता. धुरानं आधीच गेला होता, झोपेतच. लोक म्हणाले, बरं झालं. लोकांना अशा वेळी काहीतरी म्हणावं लागतं.

तिरडीला बांबू शोधायला गेले तर मेटातले बांबू सगळे जळालेले. मेटातलं धड लाकूड एकच उरलं होतं. ज्या कवाडासाठी भाऊ आत राहिला, त्याच कवाडावरून तो स्मशानात गेला. नक्षीतले मोर वर बघत होते. चितेवर ठेवताना एक सुतार हळूच म्हणाला, "मिस्त्री, कवाड काढून घेऊ का? चांगलं आहे."

"राहू दे," थोरला म्हणाला.

लग्न झालं. वरात महालाच्या जुन्याच दारातून आत गेली. दाराला आंब्याची पानं बांधली होती, छान दिसत होती म्हणे. नवं दार राहिलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

गावानं पुन्हा मेट बांधलं, तिन्ही बाजूंनी उघडं. मागं खोली बांधली नाही. थोरल्यानं पुन्हा रंधा धरला नाही. ऊन चिंचेच्या बुंध्याशी आलं की तो ठोकळ्यावर हातोडा हाणायचा. एखादा नवा सुतार म्हणायचा, "मिस्त्री, एवढी फळी होऊ द्या की, जरासंच राहिलंय." थोरला त्याच्या हातातला रंधा काढून घ्यायचा आणि त्याच्या पायाशी खराटा टाकायचा. मग स्वतः गुडघ्यावर बसून कोपरे पुसायचा, चिंध्या दगडावर पसरायचा.

वहिनी रोज ताक आणायची. सगळ्यांना द्यायची, त्यालाही द्यायची. पण मरेपर्यंत तिनं त्याला पुन्हा "अहो" म्हणून हाक मारली नाही.

बोध एवढाच: आपल्या कामाची घाण दाराआड लोटू नका, ती तिथं गप्प बसत नाही.